भूगर्भशास्त्र आणि समाज

भूगर्भशास्त्र ही खाणवाल्यांची विद्या, असा आपल्याकडील पुष्कळ सुशिक्षितांचाहि समज आहे. त्याचें कारण इतिहासांतच सांपडतें. हिंदुस्थानचें भूगर्भ-पाहणी खातें १८५१ सालीं टॉमस ओल्डहॅम यांच्या हाताखालीं सुरू झालें, तें मुख्यतः कोळशाच्या शोधासाठीं. परंतु या शास्त्राचें खरें मोल गरज उत्पन्न होण्यापूर्वीं केलेल्या कामांत आहे, असें आम्हांस वाटतें.

१८८२ सालीं चांदा जिल्ह्यांतील लोखंडासंबंधीं एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल जमशेटजी टाटा यांच्या वाचनांत आला. लोहारा येथें लोहखनिज आणि जवळच वरोऱ्यास कोळसा, असा योग दिसत होता. पण परीक्षेअंतीं तो कोळसा भट्टीच्या उपयोगाचा नाहीं असें ठरलें. हें 'नाहीं' वेळींच कळणें, हीहि शास्त्राचीच देणगी होय.

पुढें जमशेटजींचे चिरंजीव दोराबजी याच शोधांत असतां नागपूरच्या संग्रहालयांत एक भूस्तरांचा नकाशा त्यांच्या दृष्टीस पडला. दुर्गकडील दल्ली-राजहरा येथील लोहखनिज त्यांत दाखविलें होतें. ती पाहणी प्रमथनाथ बोस यांनीं केलेली असून तिचा वृत्तांत १८८७ सालींच छापला गेला होता. तेथें टाटांचा कारखाना निघाला नाहीं. तथापि १९०४ च्या फेब्रुवारींत याच बोसांनीं मयूरभंज संस्थानांतील लोखंडाची वार्ता जमशेटजींस पत्रानें कळविली, आणि १९१२ सालीं साकची येथें, म्हणजे आजच्या जमशेटपुरांत, पोलाद तयार झालें. दल्ली-राजहऱ्याची पाहणीहि वायां गेली नाहीं. १९५९ सालीं सुरू झालेल्या भिलाईच्या कारखान्यास तेथलेंच लोखंड लाभलें.

आतां दुसरी बाजू पाहूं. दख्खनचें पठार अचल आहे, हा आमचा जुना विश्वास. १९६७ सालीं कोयनेच्या भूकंपानें तो डळमळला. तरीहि किल्लारीचा प्रदेश भूकंपाच्या नकाशांत सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यांतच राहिला. १९९२ मध्यें तेथें लहान धक्के बसूं लागले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे मातींत रचलेल्या दगडी भिंती व जड माळवदें झोंपलेल्या माणसांवर कोसळलीं, आणि हजारों जीव गेले. त्यानंतर तेथें खोल वेध घेण्यांत आला, तेव्हां काळ्या दगडाचा थर सुमारें ३३८ मीटर जाडीचा भरला.

भूकंपाची घटका सांगणें अद्याप कोणासहि साधलेलें नाहीं. परंतु कोणत्या भूमीवर भिंत कशी रचावी, हें सांगतां येतें. मात्र त्यासाठीं ती भूमि आधीं तपासलेली असावी लागते. बोसांचा नकाशा गरजेपूर्वीं तयार होता; किल्लारीचें ज्ञान चिता विझल्यावर आलें. लोखंडासाठीं डोंगर धुंडाळणाऱ्या समाजानें आपल्या घराखालची जमीनहि तितक्याच आस्थेनें पाहावी, एवढेंच आमचें मागणें आहे.