सामायिक फळा: ‘देशव्यापी वर्गा’पासून ‘स्वयम्’पर्यंत

१/ १५ ऑगस्ट १९८४. दूरदर्शनवर दुपारच्या वेळी एक नवा कार्यक्रम सुरू झाला. त्यात चित्रपटगीते नव्हती आणि बातम्याही नव्हत्या. विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी आखलेल्या या उपक्रमाचे नाव होते ‘कंट्रीवाइड क्लासरूम’, अर्थात देशव्यापी वर्ग. स्वतःचा अभ्यासक्रम आणि स्वतःची परीक्षा प्राणपणाने जपणाऱ्या भारतीय उच्चशिक्षण संस्था एकच फळा वाटून घ्यायला कशा शिकल्या, त्याचा हा इतिहास.

२/ या वर्गामागे एक उपग्रह होता. ‘इन्सॅट-१बी’ ३० ऑगस्ट १९८३ रोजी अमेरिकेच्या ‘चॅलेंजर’ अवकाशयानातून झेपावला आणि देशभर एकाच वेळी प्रक्षेपण करणे शक्य झाले. आयोगाच्या अध्यक्षपदी तेव्हा डॉ. माधुरी शहा होत्या. निवडक विद्यापीठांत माध्यम केंद्रे उभारावीत आणि तेथे तयार झालेल्या चित्रफिती सर्व महाविद्यालयांनी पाहाव्यात, अशी ही योजना होती. पुणे विद्यापीठातील केंद्र अशा आरंभीच्या केंद्रांपैकी एक.

३/ कल्पना मोठी होती. परंतु एक गाठ सुटलेली नव्हती. कार्यक्रम कोणत्याही एका विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाला बांधलेले नव्हते. भाषा प्रामुख्याने इंग्रजी होती आणि सुरुवातीला परदेशी चित्रफितींचाही बराच आधार घ्यावा लागला. ज्ञानाची कक्षा रुंदावणे हा हेतू असल्याने त्यावर परीक्षा नव्हती. प्रक्षेपणाच्या वेळी ज्याचे प्रात्यक्षिक असे, त्याचा तो भाग हुकत असे. पाहिले तर उत्तम, न पाहिले तरी बिघडत नाही, अशी या वर्गाची स्थिती राहिली.

४/ याच सुमारास जमिनीवर वेगळेच घडत होते. १९८३ मध्ये मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या सरकारने महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. प्रवेशासाठी परराज्यांत जाणाऱ्या मुलांना आपल्याच जिल्ह्यात शिकता येऊ लागले. पुढील काळात दक्षिणेकडील राज्यांतही खासगी महाविद्यालयांची संख्या झपाट्याने वाढली.

५/ इमारत दोन वर्षांत उभी राहते. अध्यापक घडायला पदवीनंतर पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधन मिळून सहा-आठ वर्षे लागतात. त्यातच नव्वदच्या दशकात सॉफ्टवेअर उद्योगाने हुशार पदवीधरांना आपल्याकडे ओढून घेतले. कित्येक ठिकाणी नुकताच पदवीधर झालेला तरुण पुढच्याच वर्षी वर्गात उभा राहून तोच विषय शिकवू लागला. प्रवेश मिळाला, पण शिकवणार कोण, हा प्रश्न शतक संपताना सर्वांत तीव्र होता.

६/ १९९९ मध्ये या प्रश्नावर एक उत्तर मांडले गेले. आयआयटी मद्रासमध्ये अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सहकार्याने तंत्रज्ञानाधारित अध्यापनाविषयी विचारविनिमय झाला. त्यात प्रा. एम. एस. अनंत अग्रभागी होते. पुढे २००१ ते २०११ या काळात ते त्या संस्थेचे संचालक झाले. सूत्र सोपे होते. प्रत्येक महाविद्यालयात उत्तम अध्यापक नेणे अशक्य असेल, तर उत्तम अध्यापकाचा तास तेथवर न्यावा.

७/ २००३ मध्ये केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने या प्रकल्पाला निधी दिला आणि ‘एनपीटीईएल’ आकारास आला. मुंबई, दिल्ली, कानपूर, खरगपूर, मद्रास, गुवाहाटी व रुरकी येथील सात आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, अशा आठ संस्था त्यात सहभागी झाल्या. पहिल्या टप्प्याचा खर्च सुमारे २०.५ कोटी रुपये होता. स्थापत्य, यंत्र, विद्युत, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक या पाच शाखा व त्यांना लागणारे मूलभूत विज्ञान यांवर भर देण्यात आला.

८/ खरा पेच येथे होता. यातील प्रत्येक संस्था स्वायत्त. प्रत्येकीचा अभ्यासक्रम निराळा, विषयांचा क्रम निराळा, अध्यापनाची परंपरा निराळी. मग ध्वनिचित्रित करायचा अभ्यासक्रम कोणाचा? आठही संस्थांनी आपापला अभ्यासक्रम बाजूला ठेवला. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचा नमुना अभ्यासक्रम आणि शेकडो महाविद्यालये ज्यांना संलग्न आहेत अशा मोठ्या विद्यापीठांचे अभ्यासक्रम त्यांनी आधाराला घेतले.

९/ या निर्णयाचे महत्त्व एका तुलनेतून कळते. अमेरिकेतील एमआयटीने एप्रिल २००१ मध्ये आपले अभ्यास-साहित्य महाजालावर सर्वांसाठी खुले करण्याची घोषणा केली. तो उदारपणा मोठाच होता. पण एमआयटीने स्वतःच्या विद्यार्थ्यांसाठी केलेलेच साहित्य जगाला दाखवले. भारतात आठ संस्थांनी इतरांच्या विद्यार्थ्यांसाठी, इतरांच्या परीक्षा डोळ्यांपुढे ठेवून तास घेतले.

१०/ काम वाटून घेण्यात आले. काही अभ्यासक्रम लिखित स्वरूपात संकेतस्थळासाठी तयार झाले, तर काहींचे साधारण चाळीस तासांचे चित्रीकरण झाले. पहिल्या टप्प्याअखेर दोनशेहून अधिक अभ्यासक्रम हाती आले. एका संस्थेने ते एकटीने केले असते, तर कित्येक वर्षे लागली असती आणि इतर संस्थांतील विषयतज्ज्ञांचा लाभही मिळाला नसता.

११/ तरीही हे तास लहान गावापर्यंत पोहोचणार कसे? भारताचे पहिले ब्रॉडबँड धोरणच २००४ सालचे. चाळीस तासांचे चित्रीकरण महाजालावरून उतरवून घेणे बहुतेक महाविद्यालयांच्या आवाक्याबाहेर होते. २६ जानेवारी २००३ रोजी सुरू झालेल्या ‘एकलव्य’ वाहिनीवरून आयआयटीचे तास दाखवले जात. महाविद्यालयांना हार्ड डिस्कवर भरूनही हे साहित्य दिले जाई. पुढे यूट्यूबने हा अडसर पुष्कळसा दूर केला आणि ‘वेळ हुकली’ ही १९८४ ची तक्रार निकालात निघाली.

१२/ आता तास अभ्यासक्रमाला धरून होता आणि केव्हाही पाहता येत होता. पण गुणपत्रिकेत त्याला जागा नव्हती. परीक्षा घेणार संलग्न विद्यापीठ, गुण देणार तेच. ज्याला विषयाची गोडी असे, तो हे तास रात्री जागून पाही. ज्याला त्यांची सर्वाधिक गरज असे, तो बहुधा परीक्षेपुरती टिपणे पाठ करण्यात गुंतलेला असे.

१३/ आणखी एक प्रश्न नाजूक होता. आयआयटीचा प्राध्यापक पडद्यावर आला, की समोर उभ्या असलेल्या स्थानिक अध्यापकाचे स्थान काय? आयआयटी मुंबईतील प्रा. दीपक फाटक यांनी या प्रश्नाची दिशाच बदलली. अध्यापकाला वगळून विद्यार्थ्यापर्यंत जाण्याऐवजी अध्यापकालाच आधी विद्यार्थी करावे, असा त्यांचा मार्ग होता. केंद्र सरकारच्या २००९ च्या माहिती-संपर्क तंत्रज्ञानाधारित शिक्षण मोहिमेअंतर्गत ‘टी-टेन-केटी’ हा कार्यक्रम उभा राहिला: दहा हजार अध्यापकांचे प्रशिक्षण.

१४/ त्याची रचना पाहण्याजोगी आहे. देशभरातील अभियांत्रिकी महाविद्यालये ‘दूरस्थ केंद्रे’ झाली. प्रत्येक केंद्राचा समन्वयक आधी स्वतः प्रशिक्षण घेई. मग मुख्य कार्यशाळेत आसपासचे अध्यापक आपल्या जवळच्या केंद्रात जमत. मुंबईहून थेट व्याख्यान होई, केंद्रांतून प्रश्न विचारले जात आणि प्रात्यक्षिके त्या-त्या केंद्रात समन्वयकाच्या देखरेखीखाली चालत. दुहेरी संवादासाठी अमृता विद्यापीठाने विकसित केलेली ‘ए-व्ह्यू’ प्रणाली वापरली गेली. पुढे आयआयटी खरगपूरही या कार्यात सहभागी झाली.

१५/ आज ज्याला ‘संमिश्र अध्यापन’ म्हणतात, त्याचा हा मोठ्या प्रमाणावरील भारतीय प्रयोग होता. दूरचा तज्ज्ञ विषय उलगडतो आणि जवळचा अध्यापक शंका, सराव व प्रात्यक्षिक सांभाळतो. एका अध्यापकाच्या आकलनात भर पडली, की त्याच्यापुढे वर्षानुवर्षे बसणाऱ्या सर्व वर्गांना तिचा लाभ होतो. शिवाय पडद्यावरील प्राध्यापक त्याचा प्रतिस्पर्धी राहत नाही, सहकारी होतो.

१६/ गुणपत्रिकेची भिंत मात्र अजून उभी होती. तिला पहिली खिडकी मार्च २०१४ मध्ये पडली. एनपीटीईएलने प्रमाणपत्र देणारे ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू केले. शिकणे विनामूल्य, दर आठवड्याला स्वाध्याय आणि शेवटी परीक्षा. ही परीक्षा घरबसल्या देता येत नसे. ठरलेल्या केंद्रावर ओळख पटवून, पर्यवेक्षकासमोर बसावे लागे. प्रमाणपत्राची पत टिकण्यात या अटीचा वाटा मोठा आहे. दुसऱ्या संस्थेने दिलेले गुण मानायचे, तर ते कोणी मिळवले याची खात्री हवीच.

१७/ जुलै २०१६ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘स्वयम्’वरील ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या श्रेयांकांविषयी विनियम प्रसिद्ध केले. विद्यार्थ्याने असा अभ्यासक्रम पूर्ण केल्यास त्याचे श्रेयांक त्याच्या मूळ संस्थेच्या पदवीत धरता येतील, अशी तरतूद झाली. मर्यादा होती एका सत्रातील एकूण अभ्यासक्रमांच्या २० टक्के. ९ जुलै २०१७ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी ‘स्वयम्’ या राष्ट्रीय मंचाचे उद्घाटन केले. एनपीटीईएल त्याच्या समन्वयक संस्थांपैकी एक झाले. २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्क्यांवर नेण्यात आली.

१८/ या विनियमांत एक गोष्ट बारकाईने वाचावी अशी आहे. ऑनलाइन अभ्यासक्रम केव्हा स्वीकारावा, याच्या कारणांत विभागात योग्य अध्यापक उपलब्ध नसणे, हे एक कारण नमूद आहे. अध्यापक नसलेल्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याचे वर्ष वाया जाऊ नये, हा त्यामागील हेतू. पण हीच तरतूद रिक्त जागा न भरण्याची सोयही ठरू शकते. म्हणूनच विद्यार्थ्यांना संपूर्ण अभ्यासक्रमभर मार्गदर्शन करणारा समन्वयक मूळ संस्थेने नेमावा, अशी अपेक्षाही तेथेच नोंदवलेली आहे. पहिले वाक्य वापरायचे आणि दुसरे विसरायचे, हा मोह प्रत्येक संस्थेपुढे आहे.

१९/ एनपीटीईएलच्या ‘स्थानिक शाखा’ या दुसऱ्या वाक्याशी सुसंगत आहेत. महाविद्यालय शाखा म्हणून नोंद करते, एक संपर्क-अध्यापक नेमते आणि विषयवार मार्गदर्शक विद्यार्थ्यांच्या स्वाध्यायांवर लक्ष ठेवतात. तास दूरच्या आयआयटीतील. पण ‘या आठवड्याचा स्वाध्याय झाला का?’ असे विचारणारे माणूस शेजारच्या खोलीतील. अर्धवट सुटणारा अभ्यासक्रम पुष्कळदा अशा एका प्रश्नाने पूर्णत्वास जातो.

२०/ भाषेची भिंत याहून जुनी आहे. मराठी माध्यमातून बारावी होऊन आलेल्या मुलाला विषयाआधी इंग्रजी व्याख्यानाशी झुंजावे लागते. आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ने येथे एक व्यवहार्य वाट काढली. सुमारे दहा मिनिटांचा पाठ, पडद्यावर मूळ संगणकप्रणाली आणि कानावर मराठीसह अनेक भारतीय भाषांतील निवेदन. चित्रण एकच राहते, भाषा बदलते. शिकणाऱ्याने पाठ पाहत शेजारी तीच कृती स्वतः करायची, अशी त्याची पद्धत आहे.

२१/ २०२० च्या मार्चमध्ये वर्ग एकाएकी बंद झाले आणि सारा देश ऑनलाइन अध्यापनाकडे वळला. अनेकांना ती एका रात्रीत आलेली गोष्ट वाटली. वस्तुतः ध्वनिचित्रित तासांचा संग्रह, श्रेयांकांचे नियम आणि अशा अध्यापनाचा सराव असलेले अध्यापक, ही पायाभरणी आधीच झालेली होती. मोबाइलची रेंज आणि घरात एकच फोन असलेल्या कुटुंबांचा प्रश्न मात्र या पायाभरणीच्या बाहेर राहिला होता. त्याची किंमत गरीब विद्यार्थ्यांनी मोजली.

२२/ या इतिहासातील दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. एका ठिकाणचा तास देशभर दाखवण्याचे तंत्र १९८४ मध्ये हाती होते. दुसऱ्या संस्थेत शिकलेले आपल्या पदवीत धरायचे, हा नियम २०१६ मध्ये आला. मधल्या ३२ वर्षांत यंत्रे कितीदा तरी बदलली: उपग्रह, हार्ड डिस्क, यूट्यूब. संस्थांना एकमेकींवर विश्वास ठेवायला त्याहून अधिक वेळ लागला. तो विश्वास अभ्यासक्रमावर झालेल्या तडजोडीतून, पर्यवेक्षकासमोरच्या परीक्षेतून आणि स्थानिक अध्यापकाला सोबत घेण्यातून हळूहळू तयार झाला. लहान गावातील महाविद्यालयात आज जो विद्यार्थी सायंकाळी खरगपूरचा तास पाहतो आणि सकाळी आपल्या सरांना शंका विचारतो, त्याच्या वाट्याला या ३२ वर्षांचे फळ येते. मात्र सकाळी शंका विचारायला ते सर जागेवर असायला हवेत.