मुंबई ते लंडन अंतर किती? विमानाने किती तास लागतात?

मुंबई ते लंडन हे हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. थेट विमानाने जाताना साधारण साडेनऊ ते दहा तास लागतात, तर परत येताना साधारण नऊ. अंतर तेच असताना हा फरक का पडतो?

येताना वेळ कमी का लागतो?

जमिनीपासून सुमारे ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. लंडनहून मुंबईला येताना हा वारा पाठीमागून मिळतो, जाताना समोरून येतो. हिवाळ्यात तो जास्त जोरात असल्याने फरकही वाढतो.

विमान सरळ रेषेत जाते का?

नाही. ७,२०० किलोमीटर हे पृथ्वीच्या गोलावरचे सर्वांत कमी अंतर झाले. खराब हवामान किंवा बंद हवाई हद्द टाळण्यासाठी वळसा घ्यावा लागतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांसाठी हवाई हद्द बंद केली, तेव्हा पश्चिमेकडे जाणाऱ्या अनेक विमानांचे मार्ग लांबले.

तिकिटावरचे तास का जुळत नाहीत?

तिकिटावर सुटण्याची वेळ मुंबईची, तर पोहोचण्याची वेळ लंडनची असते. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ भारताच्या साडेपाच तास मागे असते. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तेथील घड्याळे एक तास पुढे असतात, त्यामुळे फरक साडेचार तासांचा होतो.

समजा, जानेवारीत विमान मुंबईहून दुपारी १ वाजता सुटले आणि प्रवास दहा तासांचा आहे. लंडनला उतरताना तेथे संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतील. वजाबाकी केली तर साडेचार तासच दिसतात, पण त्या वेळी मुंबईत रात्रीचे ११ वाजलेले असतात. ठरावीक तासांनी औषध घेणाऱ्यांनी लंडनच्या घड्याळावर जाऊ नये. प्रत्यक्ष किती तास गेले ते मोजावे आणि औषधांचे वेळापत्रक निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

तारखेची चूक टाळा

मुंबईहून अनेक आंतरराष्ट्रीय विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १६ तारीख, पहाटे २.३० असे लिहिले असेल, तर विमानतळावर १५ तारखेच्या रात्रीच पोहोचायचे असते. १६ च्या रात्री गेल्यास विमान आदल्या पहाटेच निघून गेलेले असते. आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी साधारण तीन तास आधी पोहोचावे, म्हणजे येथे १५ च्या रात्री साडेअकराला.

आई-वडील पहिल्यांदाच एकटे मुलांकडे निघाले असतील, तर घरून निघण्याची तारीख आणि वार कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्यावेत. त्याखाली लंडनला पोहोचण्याची वेळ तेथील आणि भारतातील अशा दोन्ही घड्याळांप्रमाणे लिहावी. त्यामुळे घ्यायला येणाऱ्यांचा आणि घरी फोनची वाट पाहणाऱ्यांचाही गोंधळ होत नाही.