बगदादची कसोटी

बुद्धीला पटणाऱ्या मताच्या पाठीशीं राजदंड उभा राहिला तर त्या मताचा प्रसार झपाट्यानें होईल, असें पुष्कळ सुबुद्ध माणसांना मनांतून वाटत असतें. अज्ञ समाजाची समजूत घालीत बसण्यापेक्षां एक कडक हुकूम काढावा म्हणजे काम झालें, असा हा विचार आहे. इतिहासांत एकदां हा विचार मोठ्या प्रमाणावर कसोटीला लागला. स्थळ बगदाद, साल इ. स. ८३३. मुसलमानी समाजांतील धर्म, बुद्धि आणि अतिरेक यांच्या संबंधाविषयीं बोलतांना ती हकीकत ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. म्हणून तीच मी आज आपल्यापुढें मांडणार आहें.

बगदाद शहर खलिफा मन्सूर यानें ७६२ सालीं वसविलें आणि पाऊणशें वर्षें पुरीं होण्यापूर्वींच तें विद्येचें माहेरघर बनलें. ८१३ ते ८३३ या काळांत मामून खलिफा होता. त्याच्या आश्रयानें ग्रीकांचें गणित, ज्योतिष व तत्त्वज्ञान अरबी भाषेंत उतरूं लागलें. आपल्या देशांतून तिकडे गेलेली अंकलेखनाची पद्धति अल्-ख्वारिज्मी यानें अरबी वाचकांना समजावून सांगितली, तीहि याच काळांत. मामून स्वतः वादविवादाचा शोकी होता. निरनिराळ्या मतांच्या पंडितांना समोरासमोर बसवून त्यांचा वाद ऐकणें त्याला आवडे.

त्याच्या दरबारांत ‘मोतजिला’ पंथाच्या पंडितांचें वजन होतें. हा पंथ आठव्या शतकांत बसरा शहरीं उदयास आला. त्याचे अनुयायी नास्तिक नव्हते. ते अत्यंत धर्मनिष्ठ होते. ईश्वर एक आहे आणि तो न्यायी आहे, या दोन सिद्धांतांवर त्यांची सारी उभारणी होती. ईश्वर न्यायी असेल तर मनुष्याला कर्माचें स्वातंत्र्य असलेंच पाहिजे; नाहीं तर पापाबद्दल शासन करणें अन्यायाचें होईल, असें ते म्हणत. बरें काय आणि वाईट काय हें ओळखण्याची शक्ति मनुष्याच्या बुद्धींत आहे आणि धर्मग्रंथांत ईश्वराच्या हाताचा किंवा मुखाचा उल्लेख येतो तो लाक्षणिक अर्थानें घ्यावा, अशी त्यांची शिकवण होती.

वादाला तोंड फुटलें तें मात्र एका सूक्ष्म प्रश्नावरून. कुराण हें ईश्वराप्रमाणेंच अनादि आहे, कीं तें ईश्वरानें निर्माण केलेलें आहे? वेद अपौरुषेय व नित्य आहेत कीं ईश्वरप्रणीत आहेत, हा मीमांसक आणि नैयायिक यांच्यांतील वाद ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या प्रश्नाचें स्वरूप चटकन उमगेल. ईश्वराखेरीज आणखी कांहीं अनादि मानलें कीं ईश्वराच्या एकत्वाला बाध येतो, म्हणून कुराण निर्मित होय, असा मोतजिलांचा युक्तिवाद होता. उलट, ईश्वराची वाणी ही त्याच्या ज्ञानापासून वेगळी करतां येत नाहीं, म्हणून तिला निर्मित म्हणणें हा अधर्म होय, असें परंपरानिष्ठ विद्वान म्हणत.

हा वाद मशिदींत आणि पाठशाळांत चालू राहता तर कोणाचें कांहीं बिघडलें नसतें. परंतु ८३३ सालीं मामूननें स्वारीवर असतांना बगदादच्या सुभेदाराला पत्र लिहिलें. सर्व काझी व धर्मपंडित यांना बोलावून कुराण निर्मित आहे हें त्यांच्याकडून वदवून घ्यावें आणि जो कबूल होणार नाहीं त्याची साक्ष न्यायालयांत ग्राह्य धरूं नये, अशी त्यांत आज्ञा होती. सामान्य जनतेच्या अज्ञानाविषयींची तुच्छता या पत्रांत भरलेली आहे. बुद्धिवादाचा पुरस्कर्ता खलिफा लोकांच्या बुद्धीला आवाहन करीत नव्हता. तो त्यांना हुकूम फर्मावीत होता. या प्रकरणाला अरबी इतिहासांत ‘मिहना’, म्हणजे परीक्षा, असें नांव पडलें.

बहुतेक पंडितांनीं मान तुकविली. जे थोडे नाकारून उभे राहिले त्यांत अहमद इब्न हनबल हे होते. त्यांना व त्यांच्या एका तरुण सहकाऱ्याला बेड्या घालून खलिफाच्या छावणीकडे रवाना करण्यांत आलें. ते वाटेंत असतांनाच मामून मरण पावला. परतीच्या वाटेवर तो सहकारीहि वारला. इब्न हनबल यांना सुमारें अठ्ठावीस महिने तुरुंगांत काढावे लागले. नवा खलिफा मोतसिम याच्यासमोर दरबारी पंडितांनीं त्यांच्याशीं वाद घातला. कुराणांतून किंवा पैगंबरांच्या वचनांतून आधार दाखवा, एवढेंच ते पुन्हां पुन्हां म्हणत राहिले, असें परंपरा सांगते. युक्तिवाद संपला आणि चाबूक आला. फटके खाऊन इब्न हनबल घरीं परतले ते लोकांच्या दृष्टीनें साधुपुरुष होऊनच.

पुढचा खलिफा वासिक याच्या कारकीर्दींत प्रकरण आणखी चिघळलें. ८४५ सालीं बायझंटाईन राज्याशीं युद्धकैद्यांची अदलाबदल झाली. त्या वेळीं मुसलमान कैद्यांनाहि हा प्रश्न विचारण्यांत आला आणि ‘निर्मित’ असें न म्हणणाऱ्यांना सोडवून घेण्यांत आलें नाहीं, असें तबरी या इतिहासकारानें नोंदवून ठेवलें आहे. दुसऱ्याच वर्षीं अहमद इब्न नस्र या विरोधकाचा शिरच्छेद झाला. त्याच्यावर बंडाचाहि आरोप होता. पण चौकशींत त्याला विचारण्यांत आलें तें कुराणाविषयीं!

८४७ सालीं मुतवक्किल गादीवर आला आणि थोड्याच वर्षांत त्यानें ही परीक्षा बंद केली. जुना सरन्यायाधीश पदच्युत झाला, त्याच्या घराण्याची मालमत्ता जप्त झाली. लोकांनीं आनंद केला. पण चाबूक मोडला नव्हता, त्याला धरणारा हात तेवढा बदलला होता. याच मुतवक्किलनें ८५० च्या सुमारास ख्रिस्ती व यहुदी प्रजेवर वेगळ्या पोशाखाची सक्ति केली आणि करबला येथील हुसेन यांची कबर जमीनदोस्त करविली. पुढें अकराव्या शतकांत खलिफा कादिर यानें मोतजिला मत धारण करणाऱ्यांनाच तें सोडून देण्यास भाग पाडलें. एका पक्षानें पाडलेली वाट दुसऱ्या पक्षाला अनायासें सांपडली.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. या पराभवानें मुसलमानी जगांतील बुद्धीची ज्योत विझली, असें सरसकट म्हणतात तें खरें नव्हे. अल्-बिरूनी, इब्न सीना आणि इब्न रुश्द हे सारे त्यानंतरचे. मोतजिलांची विचारसरणी शिया पंथांत टिकून राहिली आणि काझी अब्दुल जब्बार या अकराव्या शतकांतील मोतजिला पंडिताच्या महाग्रंथाच्या हस्तलिखित प्रति विसाव्या शतकाच्या मध्यास यमन देशांत हातीं आल्या. विचार मेला नव्हता. पण ‘बुद्धिवाद’ म्हटलें कीं सामान्य माणसाला इब्न हनबल यांच्या पाठीवरचे वळ आठवावेत, अशी व्यवस्था बुद्धिवाद्यांनीं स्वतःच करून ठेवली होती.

याचा निष्कर्ष काय? अतिरेक म्हणजे जुन्या मताचा हट्ट, अशी आपली सोपी व्याख्या असते. बगदादचा इतिहास ती पुरी पडूं देत नाहीं. भिन्न मत हा अपराध ठरला कीं अतिरेक सुरू होतो. मग तें मत ठरविणारा ग्रीक ग्रंथ वाचलेला असो वा नसो. चौथे खलिफा अली यांचा ६६१ सालीं खून करणारा खारिजी असेंच मानीत होता, कीं जो आपल्याशीं सहमत नाहीं तो धर्माबाहेरचा. मामूनची विद्वत्ता अफाट. पण या एका बाबतींत तो त्याच पंगतीला जाऊन बसला.

आणि हा प्रश्न केवळ जुना नाहीं. नस्र अबू झैद या कैरो विद्यापीठांतील प्राध्यापकानें मोतजिलांचा अभ्यास करून कुराणाचा अर्थ भाषेच्या व इतिहासाच्या प्रकाशांत लावावा असें प्रतिपादन केलें. १९९५ सालीं इजिप्तमधील न्यायालयानें त्यांना धर्मभ्रष्ट ठरविलें आणि मुसलमान स्त्रीचा विवाह धर्मभ्रष्टाशीं टिकत नाहीं म्हणून त्यांचा विवाहहि रद्द केला. पतिपत्नी एकत्रच देश सोडून हॉलंडला गेलीं. अबू झैद शेवटपर्यंत स्वतःला मुसलमानच म्हणवीत राहिले. २०१० सालीं कैरोंतच त्यांचा अंत झाला. मोतजिलांविषयीं आदर असूनहि त्यांनीं कधीं कोणत्या सुलतानाचा चाबूक मागितला नाहीं. बाराशें वर्षांपूर्वींच्या बगदादमधील पंडितांना जें उमगलें नाहीं, तें या एकाकी प्राध्यापकाला उमगलें होतें.