दिवस गेले

मराठीत बाई गरोदर राहिली की तिला ‘दिवस गेले’ म्हणतात. आमच्या तंजावरात शेजारची तमिळ बाई ‘मुळुगामल इरुक्का’ म्हणते. म्हणजे महिन्याचं न्हाणं झालेलं नाही. दोन्ही भाषांनी चाहूल ओळखली ती चुकलेल्या दिवसांवरून.

माझ्या भाचीच्या हाती मात्र थेट आकडा आला. बीटा एचसीजी : 118. आधीची खेप आठव्या आठवड्यात गेली होती, म्हणून कागद हातात धरूनच ती आली. “मावशी, हे कमी आहे का गं?” कागदावर चौथ्या आठवड्यासमोर 5 ते 426 असं छापलेलं, पाचव्यासमोर 18 ते 7340. एवढ्या रुंद पट्ट्यात 118 चा अर्थ काय लावायचा?

मी सरस्वती महालात मोडी कागद वाचणारी. सरफोजीराजांच्या (1798–1832) काळी इथल्या धन्वंतरी महालात उपचार गोळा झाले, तमिळ पद्यात बांधले गेले; त्यांत गर्भिणी आणि बालरोगांवरचा भागही आहे. त्याआधी सुश्रुतानं नुकत्या राहिलेल्या गर्भाची लक्षणं सांगितली ती थकवा, ग्लानी, तहान अशी. ‘डोहाळे’ हा आपला शब्द ज्या ‘दौहृद’शी जोडतात, ती दोन हृदयांची अवस्था त्यानं चौथ्या महिन्यात धरली. तोवर वाट पाहणं आलंच.

वाट आखूड केली ती बर्लिनच्या आशहाइम आणि झोंडेक यांनी, 1927–28 मध्ये. बाईची लघवी लहान उंदरिणींना टोचायची, काही दिवसांनी त्यांना मारून बीजांडकोश तपासायचे. पुढे आफ्रिकेतली बेडकी आली. ती अंडी घालायची, जीव वाचायचा. 1960 मध्ये स्वीडनच्या वाइड आणि गेमझेल यांनी प्राणी बाजूला सारून परीक्षानळीत चाचणी आणली. तरी एक घोटाळा होताच : या संप्रेरकाचा अल्फा भाग दुसऱ्या संप्रेरकांसारखाच असतो, त्यामुळे थोड्या प्रमाणात ते वेगळं ओळखता येईना. 1972 मध्ये अमेरिकेत ज्युडिथ वैतुकैतिस आणि सहकाऱ्यांनी त्याचा वेगळा, बीटा भाग धरून रक्तातली मोजणी बसवली. भाचीच्या कागदावरचा ‘बीटा’ तो हाच.

डॉक्टरांनी तिला सांगितलं, एका आकड्यावर काही ठरत नाही. अठ्ठेचाळीस तासांनी त्याच प्रयोगशाळेत पुन्हा रक्त द्या. सुरुवातीच्या आठवड्यांत आकडा दोन-तीन दिवसांत साधारण दुप्पट होतो, आठ ते अकरा आठवड्यांच्या सुमारास शिखर गाठतो, मग उतरतो. वाढ मंद असेल तर गर्भ टिकत नसेल किंवा गर्भाशयाबाहेर रुजला असेल. पण गर्भ कुठे आहे ते सोनोग्राफीच सांगते. पोटात कळ आली, रक्त गेलं, तर दोन दिवस थांबायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा. आणि आठवडे मोजायचे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. भाचीनं ते गर्भधारणेपासून मोजले होते.

ते मला ओळखीचं वाटलं. एकट्या मोडी चिठ्ठीवरून मीही काही ठरवत नाही. मागची-पुढची चिठ्ठी शोधते.

ते दोन दिवस ती माझ्याकडेच राहिली. आम्ही फारसं बोललो नाही. तिसऱ्या दिवशी कागद आला : 241. ती हसली नाही. सोनोग्राफीची तारीख तिनं कॅलेंडरवर लिहिली आणि तिथपर्यंतचे दिवस बोटांवर मोजू लागली.