हात लागला की सरकणारे स्टेशन

1920 च्या दशकातील रेडिओ संचांना एक खोड होती. स्टेशन नीट लावावे आणि हात मागे घ्यावा, की ते सरके. माणसाचे शरीर हाही एक कपॅसिटर. हात जवळ असेपर्यंत संचाच्या धारितेत त्याची भर पडे. संच बनवणाऱ्यांनी धातूचे आवरण घालून ही खोड मोडली. पेत्रोग्राडच्या लेव तेर्मेन यांनी मात्र 1920 च्या सुमारास तिच्यावरच हात न लावता वाजणारे वाद्य उभारले. 1965 मध्ये इंग्लंडच्या ई. ए. जॉन्सन यांनी मांडलेला स्पर्शपडदा याच तत्त्वाचा.

आज मायक्रोकंट्रोलरमुळे हे वर्गातही जमते. एका पिनकडून 1 मेगाओहमच्या रोधातून दुसऱ्या पिनला जोडलेली अॅल्युमिनियमची पट्टी भारित करायची आणि वेळ मोजायचा. बोटाने 10 पिकोफॅरडची भर घातली, तर निम्म्या दाबापर्यंत पोहोचायला सुमारे 7 मायक्रोसेकंद जास्त लागतात. 16 मेगाहर्ट्झच्या घड्याळाचे तेवढ्यात शंभरावर ठोके पडतात.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील शिक्षकांसाठी आम्ही एक मुद्दा जोडतो. वीज गेली म्हणून जोडणी बॅटरीवर घेतली, तर हा फरक बराच घटतो. जोडणी बिघडलेली नसते. बोटातून जाणाऱ्या प्रवाहाची जमिनीतून परतायची वाट तुटलेली असते. विद्यार्थ्याला दुसरा हात बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवायला सांगा आणि आकडे पुन्हा वाचा.