अतिसंवाहकांतील भोवरे

अतिसंवाहकातील विद्युत् प्रवाह किंवा अतिप्रवाही हीलियमातील द्रव ज्या सूक्ष्म रेषारूप गाभ्यांभोवती फिरतो, त्यांसह होणाऱ्या रचनेस भोवरा म्हणतात. पदार्थाच्या स्थितीत थोडाथोडा सलग फेरफार करून असा भोवरा पुसून टाकता येत नाही. म्हणून त्याची गणना संस्थितिक दोषांत होते. कोल्हापूरजवळील कळंबा तलावाच्या पाण्यात उठणारा भोवरा कमीअधिक जोराचा असू शकेल आणि घर्षणाने तो विरेल. अतिप्रवाही हीलियमात मात्र अभिसरण एका ठराविक पुंजाच्या पूर्ण पटीतच असते. ही कल्पना लार्स ऑनसागर यांनी १९४९ मध्ये मांडली आणि रिचर्ड फाइनमन यांनी १९५५ मध्ये तिचा विस्तार केला.

अतिसंवाहकांच्या बाबतीतील इतिहास काहीसा खेदजनक आहे. काही अतिसंवाहकांत चुंबकीय क्षेत्र भोवऱ्यांच्या रूपाने शिरते, असा निष्कर्ष मॉस्को येथे अलेक्सेई अब्रिकॉसॉव्ह यांनी १९५३ च्या सुमारास काढला. त्यांचे गुरू लेव्ह लँडाऊ यांना तो पटला नाही व टिपणे तशीच पडून राहिली. अब्रिकॉसॉव्ह यांनीच पुढे सांगितल्याप्रमाणे, फाइनमन यांचे हीलियमविषयक काम समोर आल्यावर लँडाऊ यांचा विरोध मावळला. निबंध १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. नोबेल पारितोषिक मिळण्यास २००३ साल उजाडले.

त्या निबंधात एक चूक राहिली होती. भोवरे एकमेकांस दूर लोटतात व त्यांचे नियमित जालक बनते, हे खरे. परंतु अब्रिकॉसॉव्ह यांनी ते चौरस मानले. त्रिकोणी मांडणीची ऊर्जा किंचित कमी असते, हे १९६४ मध्ये दाखविले गेले. १९६७ मध्ये एसमान व ट्रॉयब्ले यांनी चुंबकीय धातूचे कण पृष्ठावर बसवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने हे त्रिकोणी जालक प्रत्यक्ष पाहिले. भोवरे सरकू लागले की ऊर्जाव्यय होऊन रोध उत्पन्न होतो. म्हणून चुंबकांसाठी लागणाऱ्या अतिसंवाहक तारांत मुद्दाम दोष निर्माण करून भोवरे जखडून ठेवावे लागतात.

चौरस जालक पुढे खरोखरच आढळले आणि त्याचा धागा मुंबईपर्यंत पोहोचतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आर्. नागराजन, एल्. सी. गुप्ता व त्यांचे सहकारी यांनी इट्रियम, निकेल, बोरॉन व कार्बन यांच्या मिश्रधातूत सु. १२ के. तापमानास अतिसंवाहकता असल्याचे १९९४ मध्ये प्रसिद्ध केले. निकेल हे चुंबकीय मूलद्रव्य असल्याने हा शोध अनपेक्षित होता. त्याच वर्षी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने या कुलातील संयुगे शुद्ध रूपात मिळविली. या बोरोकार्बाइडांत पुरेशा चुंबकीय क्षेत्रात भोवऱ्यांचे जालक चौरस होते. अर्थात याचे कारण अब्रिकॉसॉव्ह यांच्या आकडेमोडीत नव्हे, तर स्फटिकातील इलेक्ट्रॉनांच्या दिशानुरूप भिन्न वर्तनात आहे.

जालकातही दोष पडतात, म्हणजे दोषांच्या रचनेतील दोष. याच संस्थेतील प्रताप रायचौधुरी यांच्या गटाने मॉलिब्डेनम-जर्मेनियमाच्या सु. २० नॅनोमीटर जाडीच्या अस्फटिकी थरातील भोवऱ्यांची अतिशीत सूक्ष्मदर्शकाने चित्रे घेतली व २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. जालक एकदम वितळत नाही. प्रथम विस्थापनदोष सुटे होऊन भोवरे द्रवासारखे सरकू लागतात, तरी शेजाऱ्यांच्या दिशांतील षट्कोनी क्रम टिकून असतो. क्षेत्र आणखी वाढविल्यावरच तोही नाहीसा होतो.