१३:४२ चा नियम

काही आठवडे आधी
इतरांच्या संकेतस्थळांची वाहतूक आपल्या जाळ्यातून नेणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीच्या वेब फायरवॉलच्या कोडची फेररचना होते. हेतू: सीपीयूवरचा भार कमी करणे. एखाद्या नियमाने बेसुमार सीपीयू खाऊ नये म्हणून घातलेली मर्यादा त्यात चुकून निघून जाते.

२ जुलै २०१९, १३:३१ यूटीसी (भारतात संध्याकाळचे ७:०१)
नवा नियम मंजूर होतो. तो रेगेक्समध्ये, म्हणजे मजकुरातला नमुना वर्णन करणाऱ्या भाषेत, लिहिलेला. काम: विनंतीत दडवलेली घातक स्क्रिप्ट ओळखणे. शेवटाकडे एक तुकडा आहे: काहीही, कितीही, पुन्हा काहीही, कितीही, मग बरोबरचे चिन्ह, मग पुन्हा काहीही, कितीही. कोणत्या ‘काहीही’ने किती अक्षरे घ्यायची, याची एकेक वाटणी रेगेक्स चालवणारे इंजिन करून पाहते. ‘एक्स=एक्स’ला २३ पायऱ्या लागतात. चिन्हापुढे २० एक्स आले, की ५५५.

१३:३७
चाचण्या. घातक विनंती सापडते का? सापडते. साधी विनंती सुटते का? सुटते. सीपीयू किती लागला, हे मोजणारी चाचणीच नाही. हिरवा दिवा.

१३:४२
नियम ‘सिम्युलेट’ स्थितीत सोडतात: अडवायचे नाही, फक्त नोंद करायची. पण नोंदीसाठीही प्रत्येक विनंती तपासावी लागतेच. कंपनीचे इतर सॉफ्टवेअर टप्प्याटप्प्याने जाते. हल्ला रोखायला उशीर नको म्हणून फायरवॉलचे नियम काही सेकंदांत जगभर जातात.

१३:४५
पहिला इशारा. सर्व्हरांचे सीपीयू १०० टक्क्यांना टेकतात. संकेतस्थळांवर ५०२ ही त्रुटी. सर्वांत वाईट क्षणी वाहतूक ८२ टक्क्यांनी घटते. हल्ला झाला असावा, असा संशय.

१४:००
हल्ला नाही. दोष फायरवॉलचा.

१४:०२
फायरवॉल जगभर बंद करण्याचा प्रस्ताव येतो. ती जिथून बंद करायची, ती अंतर्गत यंत्रणा क्लाउडफ्लेअरच्याच जाळ्यामागे आहे, आणि जाळे कोलमडले आहे. तिथे क्वचित जाणाऱ्या काहींचा प्रवेश सुरक्षेसाठी आधीच बंद केलेला. क्वचितच वापरलेला पर्यायी मार्ग धरावा लागतो.

१४:०७
फायरवॉल बंद.

१४:०९
सीपीयू आणि वाहतूक पूर्ववत.

१४:५२
खातरजमा करून फायरवॉल पुन्हा सुरू.

नंतर
काढलेली मर्यादा परत बसवली जाते. नियमही टप्प्याटप्प्याने सोडायचे ठरते. हल्ला सुरू असेल, तर मात्र एकदम जगभर सोडण्याची सोय कायम राहते. १३:४२ चा नियम तातडीचा नव्हता.